पावसाळ्यात जंताचं औषध पाजूनही मेंढरं पुन्हा खंगतात: दोष कुठे शोधायचा?

आषाढ लागायच्या आधी सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजून झालेलं असतं. पंधरा-वीस दिवस बरे जातात. मग श्रावणात एखादी व्यायलेली मेंढी चरताना मागे रेंगाळायला लागते, तिचं कोकरू दिवसभर कासेला ढुशा देत राहतं, आणि संध्याकाळी मेंढरं वाड्यावर आली की दोन-चार जणींच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसतं. परत बाटली आणायची, परत पाजायचं. भाद्रपदात पुन्हा तेच. फलटण, माण, खटाव या पट्ट्यात हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "औषधात दम राहिला न्हाई, दुसरं बघा." कधी कधी ते खरंही असतं. पण नवी बाटली आणण्याआधी एक गोष्ट बघायची असते. औषध दिल्यावर किती दिवसांनी मेंढी पुन्हा पडली? दोष कुठे आहे हे त्या दिवसांवरून बरंचसं कळतं.

हे लिहितोय ते वीस-चाळीस दख्खनी मेंढ्या सांभाळणाऱ्यांसाठी. आपल्याकडे मेंढीचं दूध डेअरीला जात नाही. ते कोकराच्या पोटात जातं, उरलं तर घरच्या चहात. म्हणून दूध घटलं हे मापट्यावर कळत नाही, कोकराच्या पाठीवर हात फिरवला की कळतं. लोकर वर्षातून दोनदा कातरायची, आणि तिचा भाव असा की कातरणाऱ्याची मजुरी निघाली तरी समाधान मानायचं. तरीही जंताचा फटका या दोन्हींवर सगळ्यात आधी दिसतो.

आधी रोग तोच आहे का?

आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो जंत म्हणजे हिमॉन्कस. मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो, दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. हा रक्त पितो. त्यामुळे त्याची खूण रक्तक्षयाची: डोळ्याच्या आतली कातडी पांढुरकी, हिरड्या फिक्या, चालताना धाप, जबड्याखाली सूज. ही सूज दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी जास्त दिसते आणि सकाळी ओसरते, म्हणून सकाळी बघणाऱ्याला "काय झालंय हिला?" असं वाटू शकतं.

या जंताने सहसा संडास लागत नाही. लेंडी नेहमीसारखी, उलट जरा घट्टच. बऱ्याच जणांच्या मनात जंत म्हणजे हगवण हे समीकरण पक्कं बसलेलं असतं, आणि मागचं अंग स्वच्छ दिसलं की ते जंताचा विचार सोडून देतात. हगवण असेल तर दुसरे जंत, कोकरांमधला कॉक्सिडिया हा आतड्याचा रोग, पीपीआर ही मेंढ्या-शेळ्यांची साथ किंवा नुसता कोवळ्या हिरव्या चाऱ्याचा बदल, असं काही वेगळं शोधावं लागतं.

जबड्याखालची सूज मात्र एकट्या हिमॉन्कसची मक्तेदारी नाही. पाटाच्या, ओढ्याच्या कडेला, गोगलगायी असलेल्या पाणथळीत चरणाऱ्या मेंढरांना यकृतातल्या चपट्या जंतानेही अशीच सूज येते. दोन्हींची औषधं सारखी नाहीत. अल्बेंडाझोल चपट्या जंताच्या मोठ्या झालेल्या पिढीवर जास्त मात्रेत चालतं, कोवळ्यांवर चालत नाही. त्यामुळे नीरेच्या कालव्याखालच्या गावात आणि माणच्या कोरड्या माळावर एकाच लक्षणाचा अर्थ एकच असेल असं धरून चालू नका. अंगात ताप, गोचीड भरपूर आणि लघवी लाल असेल तर रक्तातला रोग समजा आणि डॉक्टरांना बोलवा. रात्री धडधाकट असलेली मेंढी सकाळी मेलेली सापडली तर आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी टोचली होती का ते आठवा. पण अंगाने चांगली दिसणारी मेंढी हिमॉन्कसनेही एकाएकी मरते, कारण जंतांची संख्या एकदम वाढली तर खंगायलासुद्धा वेळ मिळत नाही.

सगळ्यात खात्रीचा पुरावा मेलेल्या मेंढरात असतो. चौथं पोट उघडून लगेच बघितलं तर आतल्या कातडीवर हे जंत वळवळताना डोळ्यांनी दिसतात. यकृतही चिरून बघा, चपटे जंत असतील तर तिथे सापडतील. एक अट आहे. नाकातून, गुदद्वारातून काळपट न गोठलेलं रक्त आलेलं असेल तर त्या मेंढीला सुरी लावायची नाही. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो आणि तो माणसाला होतो.

पावसातच का, आणि इतक्या वेगाने का?

एक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. ती लेंडीतून जमिनीवर पडतात. जेठातल्या तापलेल्या माळावर ती वाळून मरतात. पाऊस पडला, ऊब आणि ओल दोन्ही मिळाली की चार ते सात दिवसांत त्यातून मेंढीला लागण करू शकेल अशी इल्ली, म्हणजे बारीक अळी, तयार होते. ही इल्ली गवताच्या बुडाजवळ, जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत जास्त असते. म्हणून गवत जितकं खुरटं आणि मेंढी जितकी बुडापर्यंत कुरतडते, तितका धोका जास्त. पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत इल्लीचा मोठा जंत होऊन तो स्वतः अंडी घालायला लागतो.

हा तीन आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक मोठा जंत दिवसाला सरासरी ०.०५ मिलिलिटर रक्त खातो असं धरतात. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात २,००० जंत असतील तर ते १०० मिलिलिटर झालं, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त दोन लिटरच्या आसपास. रोज त्यातलं विसाव्या भागाएवढं रक्त जात असेल तर ती दूध कशातून बनवणार आणि लोकर कशातून? रक्ताबरोबर प्रथिन जातं, आणि दूध न् लोकर दोन्ही प्रथिनाचीच.

पुन्हा कधी पडली ते मोजा

औषध पाजल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवलेली हवी. भिंतीवर कोळशाने लिहा, मोबाइलमध्ये टाका, पण लिहा. मग तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: औषध देऊन दहा-बारा दिवस झाले तरी सूज हटलीच नाही, आणखी मेंढ्यांना उतरली. म्हणजे जंत मेलेच नाहीत. एक तर मात्रा कमी पडली, नाही तर जंत त्या औषधाला सरावले, नाही तर रोगच वेगळा.

दुसरा प्रकार: दोन-तीन आठवडे चांगले गेले, सूज गेली, दूध थोडं वाढलं, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा घसरण. हे औषधाचं अपयश नाही. औषधाने पोटातले मारले, पण मेंढी दुसऱ्याच दिवशी त्याच रानात गेली आणि तिने नवे उचलले. तीन आठवड्यांत ते मोठे झाले. इथे बाटली बदलून काहीच हाती लागत नाही. रान बदलायला हवं.

तिसरा प्रकार फसवा असतो. जंत मेले आहेत, पण डोळा अजून पांढरा. रक्त भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, खुराक नसेल तर त्याहून जास्त. या काळात घाबरून तेच औषध पुन्हा पाजलं जातं आणि मग आपोआप भरलेल्या रक्ताचं श्रेय त्या दुसऱ्या डोसाला मिळतं. नुसता डोळा बघून औषधाचा निकाल लावू नका म्हणतो ते एवढ्यासाठीच. त्यासाठी लेंडी तपासावी लागते.

मात्रा: सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारा दोष

पहिल्या प्रकारात जंतांवर किंवा कंपनीवर आळ घेण्याआधी वजन करा. दख्खनी मेंढी लोकर कातरल्यावर लहान दिसते आणि नजरेने "वीस किलो" ठरते. काट्यावर ती अठ्ठावीस-तीस भरते. हिशोब बघा. अल्बेंडाझोलची मेंढीसाठी नेहमीची मात्रा किलोला ७.५ मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या पातळ औषधात एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतात. वीस किलोला ६ मिलिलिटर झालं, तीस किलोला ९. म्हणजे तीस किलोच्या मेंढीला तिच्या हक्काच्या दोन तृतीयांशच औषध मिळालं. कच्चे जंत मेले, चिवट उरले, आणि पुढची सगळी अंडी चिवटांची. असं दोन-चार वर्षं चाललं की औषधात खरोखरच दम राहत नाही.

झोळी आणि लटकता काटा पुरतो. मेंढ्या आकारानुसार दोन-तीन गटांत पाडा आणि प्रत्येक गटाला त्यातल्या सर्वांत जड मेंढीच्या वजनाची मात्रा द्या, सरासरीची देऊ नका. ही सूट अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांच्यासाठी, कारण थोडं जास्त गेलं तरी मेंढ्या ते सोसतात. लेव्हामिसोल आणि क्लोझँटेल या जंताच्या दुसऱ्या औषधांच्या बाबतीत हात मोकळा सोडू नका. क्लोझँटेल जास्त झालं तर मेंढी आंधळी होते, आणि गेलेली नजर परत येत नाही. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, प्रत्येकीचं वजन करूनच.

बाटली हलवा. तळाशी बसलेलं औषध शेवटच्या चार मेंढ्यांना जातं आणि पहिल्या वीस जणींना पांढरं पाणी. तारीख बघा, उन्हात पडलेली बाटली घेऊ नका. पाजताना मान सरळ ठेवा, नळी तोंडाच्या कडेने घालून जिभेच्या मागच्या बाजूला औषध सोडा. मान आभाळाकडे ताणून ओतलं तर फुफ्फुसात जातं, आणि नंतर "औषधानंच मेली" असा बोभाटा होतो. आदल्या रात्री वैरण बंद ठेवली तर अल्बेंडाझोलच्या घराण्यातली औषधं जास्त वेळ पोटात राहतात आणि चांगली लागू पडतात, पण गाभण मेंढी शेवटच्या महिन्यात असेल तर तिला उपाशी ठेवू नका. आणि मेंढे सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नकोच, गर्भाला बाधतं.

कळपात चार शेळ्या असतातच. शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मापाने शेळीला पाजलं की ती कायम अर्धवट डोसावर राहते आणि चिवट जंतांचं बी तिच्या लेंडीतून सगळ्या कळपात पसरतं. शेळीची मात्रा डॉक्टरांना वेगळी विचारा.

औषध खरंच चालतंय का, हे तपासायचं कसं?

औषध पाजायच्या दिवशी दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या गोळा करा. जमिनीवरच्या उचलू नका, हातमोजा घालून थेट मागून काढा. प्रत्येकीची पिशवी वेगळी, तिच्यावर कानाच्या खुणेचा नंबर. पिशवी थंड ठेवा, बर्फात गोठवू नका, आणि शक्यतो त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असतो. तिथे नाहीच झालं तर जिल्ह्याची प्रयोगशाळा, आणि पुण्याला औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. "जंत आहेत का?" असं विचारू नका, हो म्हणून कागद मिळेल. "एका ग्रॅममध्ये अंडी किती?" असं विचारा.

मग दहा ते चौदा दिवसांनी त्याच दहा मेंढ्यांच्या लेंड्या पुन्हा द्या. समजा आधी सरासरी २,००० अंडी होती आणि नंतर १०० च्या खाली आली, म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त घट झाली. औषध चांगलं आहे, दोष रानात शोधा. नंतरही ८०० निघाली तर घट फक्त ६० टक्के. मात्रा बरोबर दिली असेल तर तुमच्या कळपातले जंत त्या औषधाला सरावलेत.

तसं झालं तर औषध बदलायचं, पण घराणं बदलायचं. अल्बेंडाझोल थांबवून फेनबेंडाझोल आणणं म्हणजे त्याच घरातला धाकटा भाऊ आणणं, आणि दुकानदार बहुतेक वेळा तेच देतो, कारण लेबल आणि रंग वेगळा असतो. लेव्हामिसोलचं घराणं वेगळं, आयव्हरमेक्टिनचं वेगळं, क्लोझँटेलचं वेगळं. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषध वाचा.

सगळ्यांना पाजू नका

हे ऐकलं की माणसं चिडतात. औषध फुकट मिळतंय, मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली आहेत, पाजणारे हात आहेत, मग निम्म्यांना सोडायचं कशाला?

कळपातले जंत सगळ्या मेंढ्यांत सारखे वाटलेले नसतात. थोड्याच मेंढ्या, साधारण पाचातली एखादी, बहुतेक ओझं वाहत असते. बाकीच्या थोड्या जंतांना पोटात घेऊनही ठणठणीत असतात. सगळ्यांना पाजलं की औषधाला न जुमानणारे तेवढे जंत मागे राहतात आणि रानात फक्त त्यांचीच अंडी पडतात. काही मेंढ्या सोडल्या तर त्यांच्यातले साधे, औषधाला बळी पडणारे जंतही अंडी घालत राहतात आणि चिवटांची पैदास त्यांच्यात मिसळून पातळ होते. औषध जास्त वर्षं टिकतं. माझ्या मते सरसकट पाजण्याची सवय हेच या दरवर्षीच्या दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

कुणाला पाजायचं ते डोळा सांगतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यासाठी फमाचा नावाचा रंगांचा तक्ता बनवला. त्यात १ म्हणजे लालभडक आणि ५ म्हणजे कागदासारखा पांढरा. बघायची पद्धत सोपी आहे. उजेडात उभं राहा, अंगठ्याने वरची पापणी बुबुळावर हलकी दाबा आणि दुसऱ्या बोटाने खालची पापणी ओढा. आतली कातडी बाहेर उलटते, तिचा रंग तक्त्याशी लावा. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच. ३ असेल तर कोकरू, गाभण, दूध पाजणारी किंवा रोड मेंढी असल्यास द्यायचं. १ आणि २ ला सोडायचं. तक्ता छापील हवा. मोबाइलच्या पडद्यावर रंग बदलतात आणि आठवणीवर तर अजिबात विसंबू नका, कारण सगळा कळपच फिका पडला की फिका रंग डोळ्याला नेहमीचा वाटायला लागतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, झड लागलेली असेल तर आठवड्याला.

एक सावधगिरी: हा तक्ता रक्त पिणाऱ्या जंतापुरता आहे. आणि ५ नंबरची मेंढी हाकू नका, पळवू नका. तिच्या अंगात धावायला लागणारं रक्तच नसतं, ती वाटेत कोसळते. तिला वाड्याजवळ सावलीत बांधून चारा-पाणी जागेवर द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

ज्या मेंढीला एका पावसाळ्यात तीनदा औषध लागलं तिच्या कानाला वेगळी खूण करा. दिवाळीनंतर ती बाजारात जाऊ द्या. तिची कोकरंही बहुधा तशीच निघतात. याउलट ज्या मेंढीचा डोळा पूर्ण हंगाम लाल राहिला तिचा नर पिल्लू खच्ची करायची घाई नको, तोच पुढचा मेंढा. जंताला दाद न देणं हा अंगचा, रक्तातून उतरणारा गुण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीपासून जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, हे इकडच्या बहुतेकांना माहीत असतं. त्याच गरोळच्या संकरातल्या कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडीही कमी निघाल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही, सगळे जुळ्यांवरच बोलतात.

व्यायलेली मेंढी

एरवी जंताला दाबून ठेवणारी मेंढी व्यायच्या दोन आठवडे आधीपासून नंतरच्या सहा-आठ आठवड्यांपर्यंत हतबल असते. अंगातलं सगळं बळ गर्भाकडे आणि दुधाकडे जातं, आणि लेंडीतली अंडी एकदम वाढतात. त्याच रानात तिचं कोकरू पहिल्यांदा गवत तोंडात घेतं. कळपाला एका हंगामात सगळ्यात जास्त लागण या मेंढ्या करतात. म्हणून पावसात व्यायलेल्यांचा डोळा आधी बघायचा, आणि जुळी पाजणारीचा सर्वांत आधी.

इथे औषधाइतकंच काम खुराक करतो. व्यायच्या आधीचा महिना आणि नंतरचे दीड-दोन महिने रोज पाव किलोच्या आसपास सरकी पेंड, शेंगदाणा पेंड किंवा तुरीच्या चुणीत मक्याचा भरडा मिसळून द्या. पोटात पुरेसं प्रथिन गेलं तर मेंढी स्वतःच जंतांना आवरते, अंडी कमी पडतात. पैसे कमी असतील तर चाळीस जणींना चिमूट-चिमूट वाटू नका. पाजणाऱ्या आणि फिक्या डोळ्यांच्या मेंढ्या रात्री वेगळ्या काढून त्यांनाच द्या. गाईचं क्षार मिश्रण मात्र मेंढीला नको. त्यात तांबं असतं आणि मेंढी तांब्याला फार हळवी. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, पाजून जंत काढायची जुनी पद्धत काही जण अजून करतात. तिने जंत मरतात हे खरं, पण माप जरा चुकलं तर मेंढीही मरते.

दूध घरात वापरत असाल तर औषध दिल्यावर किती दिवस ते वापरायचं नाही हे लेबलवर बघा. काही औषधं दुभत्या जनावराला चालतच नाहीत. आणि दूध एकाच सडातून कमी झालं असेल, कास तापलेली, कडक असेल, दुधात गाठी असतील तर तो कासदाह आहे, जंताशी त्याचा संबंध नाही. त्यावर उशीर न करता वेगळा इलाज लागतो.

रान

वाडा घेऊन कोकणात उतरणारा, आज या शेतात उद्या त्या शेतात मेंढरं बसवणारा धनगर एका जागी जंत साठूच देत नव्हता. आता पोरं शाळेत आहेत, चराऊ रानं कुंपणात गेलीत, म्हणून पुष्कळ कळप बारा महिने एकाच माळावर असतात. त्यात रात्री बसायची जागाही तीच. जंतासाठी याहून सोयीचं काही नाही.

एका तुकड्यावर चार दिवसांच्या वर थांबू नका, कारण पाचव्या दिवसापासून पहिल्या दिवशीच्या लेंड्यांतल्या इल्ल्या तयार असतात. आणि त्या तुकड्यावर निदान सहा आठवडे परत येऊ नका. गरम दमट हवेत इल्ल्या अंगातली शिदोरी संपून लवकर मरतात, थंड ओल्या हवेत जास्त तग धरतात. एवढी जागा नसेल तर शेजाऱ्याच्या गाई-म्हशी त्या तुकड्यावर आधी चारू द्या. मेंढीच्या इल्ल्या मोठ्या जनावरांच्या पोटात बहुतेक मरतात. पीक काढलेलं रान, नांगरून पेरलेला कडवळ, कापून आणलेला मेथीघास हे सगळं माळापेक्षा सुरक्षित.

झाडपाला सगळ्यात सुरक्षित. गुडघ्याच्या वरच्या पाल्यावर इल्ली चढत नाही. शेवरी, बाभूळ, बोर, सगळं चालतं, प्रथिनही मिळतं. सुबाभूळ मात्र एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको. त्यातल्या मिमोसिनने लोकर मुळासकट सुटते. ऑस्ट्रेलियात तर कातरण्याऐवजी मिमोसिन देऊन लोकर उतरवता येईल का याचे प्रयोगही झाले होते. त्यामुळे लोकर गळतेय पण डोळा लाल आहे अशी तक्रार असेल तर गव्हाणीत काय पडतंय ते आधी बघा.

जंताने बिघडलेली लोकर वेगळी ओळखू येते. ती गळण्याआधी बारीक होते. आजारपणाच्या आठवड्यांत केस पातळ वाढतो, आणि पुढे मेंढी सुधारली तरी तो पातळ भाग केसात तसाच राहतो. कातरलेल्या लोकरीची एक बट दोन्ही हातांत धरून झटका द्या. मधेच, सगळ्या केसांत एकाच उंचीवर तुटली तर मागच्या पावसाळ्यात ती मेंढी पडली होती. सूत कातताना हीच लोकर सारखी तुटते आणि घोंगडी विणणारा सणगर ती हातात घेताच बाजूला टाकतो. ४ आणि ५ नंबरच्या मेंढ्यांची लोकर वेगळ्या पोत्यात भरा, चांगल्या लोकरीत आणि कोकराच्या जावळात मिसळू नका, नाहीतर सगळ्याचाच भाव पडतो.

राहिलं बाहेरून येणारं जनावर. लोणंदच्या बाजारातून मेंढा आणला की तो त्याच संध्याकाळी कळपात सोडतात. त्याच्या पोटातले जंत कुठल्या औषधाला सरावलेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आल्या दिवशी त्याचं वजन करून, डॉक्टरांना विचारून दोन वेगळ्या घराण्यांतली औषधं द्या आणि दोन दिवस बांधून ठेवा. त्या दोन दिवसांतल्या लेंड्या रानात टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा. मग त्याला मोकळ्या नव्या रानात न सोडता, तुमच्या मेंढ्या चरून गेलेल्या रानात सोडा, म्हणजे त्याच्या पोटातून जे थोडे चिवट जंत वाचले असतील ते तुमच्या साध्या जंतांत मिसळतील. दहा-चौदा दिवसांनी त्याची लेंडी तपासायला द्यायची आठवण ठेवा.